आश्रित बाईची गाय

माझ्या आजीचा आमच्या घरात एकच फोटो आहे, अन् तो खोटा आहे. म्हणजे चेहरा तिचाच, लुगडंही तिचंच, पण त्यात ती दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसली आहे. असं बसलेलं तिला फोटोवाल्याशिवाय आणखी कोणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं, मी शाल-नारळ देईन. परवा माझ्या नातवानं विचारलं, "दादी, ये दिन भर बैठी रहती थीं क्या?"

"हो रे राजा," म्हटलं, "ऑफिसच्या कागदावर तसंच लिहिलं आहे."

तो कागद कसा झाला ते सांगते. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर लागले, क्वार्टर मिळालं, तशी त्यांची माय, म्हणजे माझी आजी, भंडाऱ्याकडचं गाव सोडून भिलाईला आली. आराम करायला, असं बाबा सगळ्यांना सांगत. आल्याच्या आठव्या दिवशी तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या, जवळच्या जुनवानी गावाहून एक गाय आणली अन् क्वार्टरच्या मागं बांधली. झाला आराम सुरू. पहाटे शेण, मग दूध, मग गोवऱ्या, मग आम्ही तीन लेकरं, मधूनमधून माझ्या मायची बाळंतपणं. आमच्या सडकेवरची निम्मी घरं तिच्याच गाईचं दूध विकत घेत. आता नेहरू नगरात जिथं तिथं कोचिंगच्या पाट्या आहेत ना, तिथं तेव्हा धानाच्या बांध्या होत्या, म्हणजे भाताची खाचरं. तिकडून ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायची. आराम करता करता.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक डोळा गेलाच, दुसरा जायच्या वाटेवर. पण तांदूळ निवडायचं काम काही तिनं सोडलं नाही. "लेकाच्या दाताखाली खडा आला तं?" असं म्हणायची अन् रोज नेमानं लेकाच्या ताटात खडे वाढायची. बोटांनी चाचपून निवडायची ती. त्यात तांदूळ बाहेर जात अन् खडे आत राहत. बाबांच्या तोंडात कर्रकन आवाज झाला की ते खिडकीबाहेर पाहत.

"भात कसा झाला रे?"

"मस्त, माय."

त्या वर्षी त्यांची एक दाढ गेली. भात मस्तच राहिला.

प्लांटच्या दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन होत होतं, पण त्यासाठी बाबांच्या मेडिकल बुकात आजीचं नाव लागायला पाहिजे. अन् नाव लागायचं तर ती 'आश्रित' पाहिजे. हा शब्द बाबांनी घरी आणला तो दिवस मला आठवतो.

"आश्रित म्हंजे?" आजीनं विचारलं.

बाबा पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाले, "म्हंजे... तू माह्या भरवशावर जगून राहिली, असं."

"मी? तुह्या? दोन वर्षांचा होता तं तुहा बाप गेला. मोहाची फुलं वेचून, लोकायच्या बांधीत रोवणी करून वाढवला तुले. अन् मी तुह्या भरवशावर? तुले अजून सोताची बनियन पिळता येत नाही!"

"कागदावरच लिवाचं आहे, माय."

"मंग त्या कागदालेच मोतीबिंदू झाला असन."

दोन दिवस तिनं कोणाचं ऐकलं नाही. शेवटी माझी माय सहज बोलल्यासारखं बोलली, "आत्याबाई, दुसराबी डोळा गेला तं तांदूळ मलेच निवडावे लागतीन." सुनेच्या हाती तांदूळ! एवढं मोठं संकट आजीनं जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी फोटो काढायला निघाली. स्टुडिओतही ती वाती वळत बसली होती. फोटोवाल्यानं हातातला कापूस काढून घेतला, तेव्हा कुठं तो फोटो निघाला.

मग चौकशीला ऑफिसातले एक बाबू येणार असं कळलं. आश्रिताची स्वतःची कमाई नको, असा नियम. बाबांनी गाय सकाळीच चरायला धाडली अन् घरात तालीम घेतली.

"माय, एक घंटा नुसती बसजो."

"नुसती बसून काय करू?"

"तेच. काहीच नाही."

"हे काम तुमच्या ऑफिसवाल्यायलेच कावून नाही देऊन टाकत? त्यायले सवय असन."

बाबू आले. आजी बाजेवर बसली. पाच मिनिटं बसली, खोटं कशाला बोलू. मग बाबू खोकले. खोकलेले बाबू पाहून, म्हणजे ऐकून, ती उठली अन् आलं ठेचून चहा घेऊन आली. बाबूंनी घोट घेतला.

"वाह माताजी, दूध तो असली है! कहाँ से लेते हैं?"

"घेते कशाले? घरची गाय आहे ना!"

बाबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. अन् नेमकी त्याच वेळी शेजारची छत्तीसगढी बाई लोटा घेऊन दारात. "दाई, दूध देबे का ओ?"

माझ्या मायनं तिला डोळ्यांनी हाकललं, पण उशीर झाला होता. बाबूंनी पेन उचललं. "माताजी, गाय किसकी है?"

आजी बाबांकडे वळली. चेहरा तिला दिसत नव्हता. पण बाबांनी घसा खाकरला, लहानपणी मार चुकवायला खाकरत असतील तसा, अन् तिला सगळं समजलं. त्या गाईत तिच्या पाटल्या होत्या. जगात तिची म्हणावी अशी दुसरी वस्तू नव्हती.

"लेकाची," ती म्हणाली. "गाय लेकाची, दूध लेकाचं, घर लेकाचं. माहं काय आहे इथं? मी तं नुसती बसून राह्यते. लिवा."

बाबूंनी लिहिलं. कामधंदा: कुछ नहीं. मग काही न करणाऱ्या त्या बाईकडून आणखी अर्धा कप चहा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आजीनं बाबांना हलवून उठवलं. "ऊठ बे. तुही गाय हंबरून राहिली. शेण कोण उचलन? आश्रित?" तेव्हापासून फर्स्ट शिफ्टला जायच्या आधी बाबा शेण उचलू लागले, ते गाय होती तोवर.

ऑपरेशन चांगलं झालं. जाड भिंगाचा चष्मा आला अन् त्याच दिवशी आजीनं सूप मागवलं. तांदूळ पसरले. मग एकेक खडा उचलून वाटीत टाकू लागली. टण्. टण्. वाटीचा तळ झाकला.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले तर तिनं ताटाशेजारी ती वाटीच ठेवली.

"येवढे? सालभर मी तुले गोटे चारून राहिली, अन् तू मस्त मस्त म्हणून राहिला? तोंड नव्हतं तुले?"

माझे बाबा थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वाटीत पाहिलं, मग हळूच म्हणाले, "मी काय बोलू, माय? आश्रित माणूस."

आजीनं चष्मा पदरानं पुसला, अन् त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.