नवव्या पायरीवरचं टूं

आमच्या खालच्या क्वार्टरमधली लीला कारखान्यात कॉइलला तार गुंडाळायची. दिवसभर वेढे घालून घरी आली की पुन्हा वेढेच, पण हे तिच्या स्वतःच्या रेडिओचे. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन्स असलेली टाउनशिपमधली ती एकटीच बाई. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिने रिसीव्हर बांधला होता.

टाउनशिपच्या हॅम क्लबच्या नव्या सभासदांना शिकवायला कोणता रिसीव्हर ठेवायचा, यावरून वाद पेटला. सेक्रेटरी काशिनाथराव इंजिनिअर, त्यांचा सेट परदेशी.

"लीलाबाई, माझ्या सेटचा सिग्नलचा काटा नऊवर जातो. तुमचा पाचवरच धापा टाकतो."

"काट्याचं काय, मी पुढे बाराचा आकडा रंगवून देते! कानाने मोजू या."

गणपतीतला रविवार ठरला. ॲन्टेना आमच्या गच्चीवर, म्हणून परीक्षा आमच्या घरात. शाहपुऱ्याहून सुभाष नावाच्या सभासदाने टूं-टूं पाठवत राहायचं आणि दर दोन मिनिटांनी एक पायरी उतरून ताकद निम्मी करायची. ॲन्टेना एकच, हेडफोन एकच, मध्ये स्विच, तो काशिनाथरावांच्या हातात. दोन्ही सेटचा आवाज आधी सारखा करून घेतला, कारण मोठ्याने वाजणारा सेट उगाच चांगला वाटतो. ऐकायला मी, पाठ फिरवून, हेडफोन लावून. कुठला सेट कुठला, मला पत्ता नाही.

चौथ्याच पायरीवर दोन्हीकडचं टूं खरखरीत बुडालं.

"बरोबरी!" काशिनाथराव खूश. "मग परदेशीच ठेवू."

लीलाचा चेहरा पडला. मला मात्र ती खरखर ओळखीची वाटत होती. चट्... चट्... थांबून पुन्हा चट्. मी वळून पाहिलं आणि अंगावर काटाच आला. गणपतीभोवतीची लुकलुकणारी माळ! लागली की चट्, विझली की चट्. लीलाला यश यावं म्हणून सकाळी मीच ती लावली होती.

"अगं लीले, घात मीच केलाय!"

"वहिनी, आधी बंद करा, मग रडा!"

माळ काढली, बाप्पापुढे निरांजन लावलं, मनातल्या मनात माफी मागितली. हेडफोन चढवला तर काय, बाजार उठल्यासारखी शांतता! लीलाने वायरलेसवरून सुभाषला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं.

चौथी पायरी पार झाली. पाच, सहा, दोन्हीकडे टूं. सातव्या पायरीला एका बाजूला नुसती सरसर.

"गेलं!" मी ओरडले.

"आणि दुसरीकडे?"

"आहे! बारीक आहे, पण आहे!"

आठ. आहे. नऊ. मी श्वास रोखला. टूं.

"आहे हो, अजून आहे!"

स्विच काशिनाथरावांच्या हातात, त्यामुळे ते टूं कुणाच्या डब्यातून येतंय हे त्यांना कधीच कळलं होतं. त्यांनी माझा हेडफोन मागून घेतला, स्विच दोनदा इकडेतिकडे केला, डोळे मिटून ऐकलं. मग खिशातून पेन्सिल काढली.

"लीलाबाई, या कॉइलला वेढे किती घातलेत?"

लीलाने खुर्ची पुढे ओढली. "बसा. वहिनी, चहा टाका. सगळं लिहून घ्यायला त्यांना वेळ लागेल."