भाऊंच्या पोटावरची परात

स्वतःच्या पोटावर भाऊंइतकं निर्व्याज प्रेम करणारा माणूस चाकणपासून आकुर्डीपर्यंतच्या कुठल्याच शिफ्टमध्ये सापडणार नाही. भाऊ कंपनीत इन्स्पेक्शनला, मी स्टोअरला, घरंही शेजारी. केसाएवढा फरक दिसला तरी पार्टला लाल टॅग लावणारे भाऊ माणसांच्या बाबतीत मात्र भलतेच उदार. कॅन्टीनमध्ये ताकाचा पेला टेबलावर न ठेवता पोटावर ठेवायचे आणि एक थेंब न सांडता तीन चपात्या संपवायचे. हळदीत तर भरली परात पोटावर तोलून हलगीवर नाचायचे. नवरदेवाकडे कुणी बघायचंच नाही. त्यांची आई म्हणायची, "प्वाट न्हाई ते, घरची बरकत हाय." हीच माउली नातीकडून फोटोतल्या सुरकुत्या पुसून घ्यायची, ते सोडा. नात, म्हणजे भाऊंची लेक, कॉलेजात; रील्समधल्या कमरा बघून अर्धी भाकरी ताटात ठेवायची. भाऊ म्हणायचे, "बाळा, माणूस ड्रॉइंगपरमाणं बनत न्हाई. माझ्याकडं बघ की." ती बघायची, हसायची आणि उरलेली अर्धी खायची.

गेल्या वर्षी एका हळदीतला तो नाच मीच रील करून टाकला. कौतुकानंच. लोक हसू लागले आणि मला काय झालं कोण जाणे, खोट्या नावाच्या अकाउंटवरून मी खाली लिहिलं, 'हा पीस रिजेक्ट.' सगळ्यात जास्त लाइक त्यालाच.

दुसऱ्या दिवशी भाऊंचं ताक टेबलावर होतं. मग एकदा माझ्यासमोरच त्यांनी लेकीला विचारलं, "प्वाट आत घ्यायचा फिल्टर असतो का गं?" ती हसली नाही. तिची अर्धी भाकरी पुन्हा ताटात राहू लागली. वर्षभर मी हे बघत होतो.

परवा त्यांच्या पुतण्याच्या हळदीत भाऊ श्वास रोखून कडेला उभे होते. लेक कोपऱ्यात, समोर न शिवलेलं ताट. मी सांगून टाकलं, "भाऊ, ती कमेंट माझी होती."

भाऊंनी मला पार्टसारखं वरपासून खालपर्यंत तपासलं. "तू? आरं, स्टोअरवाल्याला रिजेक्ट मारायचा अधिकार कुणी दिला?" मग वर्षभर रोखलेला श्वास सोडला. सदऱ्याची बटणं ताणली. "जा. हे आधी तिला सांग."

मी तिच्या कोपऱ्याकडे निघालो. हलगी आता तापली होती. मध्येच मागं वळून पाहिलं. परात भिंतीला टेकलेलीच होती, भाऊ नाचत नव्हते. फक्त त्यांचा एक पाय हळूच ठेका धरत होता.