लाइलची बिअर, आर्डिसची बर्फपेटी

लाइल ब्रुगर आमचा शेजारी. विस्कॉन्सिनच्या आमच्या भागात जन्मभर त्यानं दुधाचा टँकर चालवला आणि उरलेल्या वेळात गॅरेजमध्ये बिअर केली. शनिवारी त्यांच्या घरावरून गेलं की ओल्या धान्याचा गोडसर वास यायचा, आणि मागोमाग त्याच्या बायकोचा, आर्डिसचा आवाज, "घर आहे की कारखाना?" ती स्वतः बिअरला कधी शिवली नाही.

मग लाइलच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तळ्यावर मासेमारीला न्यायची बोट विकून झाली. उकळत्या पाण्याचं भलंमोठं पातेलं उचलून धान्य गाळायचं, तेही गेलं. हिवाळाभर तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहिला. फुटबॉलची मॅच लावायचा, पण आवाज बंद करून.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एके सकाळी आर्डिस माझ्या दारात आली.

"तुझ्याकडे मोठा पाना आहे ना? दे. आणि लाइलला सांगू नकोस."

"कशाला हवाय?"

"बर्फपेटीची तोटी काढायचीय."

ती निळी पेटी मला माहीत होती. दर उन्हाळ्यात बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज भरून ती तळ्यावर जायची. पोरांनी तिच्यावर बसून बसून झाकणाला पोचा पाडला होता.

"अगं, एवढी चांगली पेटी मोडतेस?"

"बोट गेली. आता पेटीत काय, मोजे ठेवू?"

हार्डवेअरच्या दुकानात तिला कोणीतरी सांगितलं होतं, की जाड भिंतींची पेटी थंडावा जसा धरते तशी उष्णताही धरते. भरडलेली बार्ली आत घालायची, मगानं थोडंथोडं गरम पाणी ओतायचं, झाकण लावून तासभर ठेवायचं. मग तोटी उघडली की गोड रस खालच्या पातेल्यात आपोआप उतरतो. काही उचलायला नको. चोथा आत अडावा म्हणून तिनं पाण्याच्या नळीवरची तारेची जाळी सोलून घेतली होती. मी पाना घेऊन त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो, तेव्हा तिनं ती आत बसवली, बाहेरून पितळी तोटी लावली आणि पाणी भरून पाहिलं. सगळं पाणी आमच्या पायांवर.

आवाज ऐकून लाइल सपाता घासत गॅरेजमध्ये आला. "काय चाललंय?"

मोजे चिंब, हातात पाना. आर्डिस म्हणाली, "तुझी बिअर चाललीय."

तो वाकून तोटीकडे बघायला लागला. "वायसर उलटा बसवलायस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कुठे?"

वायसर सुलटा केला तरी थेंब थांबेना. आर्डिस आत गेली आणि काकडीच्या लोणच्याच्या बरणीचं रबर घेऊन आली. लाइल हसला. "लोणच्याचं?"

"माझ्या काकड्यांचा थेंब कधी बाहेर आलाय?"

रबर बसलं. गळती थांबली.

त्याच शनिवारी पेटी टेबलावर चढली. लाइल घडीच्या खुर्चीत तापमापक घेऊन बसला. आर्डिस पाणी ओतत होती, मी तिला पाण्याचे मग भरून देत होतो.

"सावकाश, गुठळ्या होतील."

"या घरात आयुष्यभर ग्रेव्ही कोणी केली? तू?"

झाकण लागलं. तिनं पेटीभोवती जुनी गोधडी गुंडाळली. आता वाट पाहण्याखेरीज काम नव्हतं. मग लाइल पेटीकडे बघतच म्हणाला, "मला वाटलं होतं, आता मी नुसता जागा अडवायला उरलो."

मी उगाच दाराबाहेर बघायला लागलो.

"जागा तू पहिल्यापासूनच अडवत आलायस," आर्डिस म्हणाली. "मला सवय आहे." आणि गोधडीचं एक टोक ओढून तिनं त्याच्या गुडघ्यांवर घातलं.

तोटी उघडली तेव्हा आधी गढूळ रस आला. तो लाइलच्या सांगण्यावरून तिनं परत धान्यावर ओतला. मग मधासारखी स्वच्छ धार लागली. लाइलनं कपभर धरून तिच्यापुढे केला. "घे. ही अजून बिअर झालेली नाही."

तिनं घोट घेतला, नाक मुरडायची तयारी करून. मग सगळा कप प्यायली आणि परत पुढे केला.

ती बिअर पातळ झाली. लाइलला एकच छोटा ग्लास मिळायचा, तो त्यानं पुरवून पुरवून घेतला. पण तो रस्त्याच्या टोकापर्यंत चालायला लागला आणि टीव्हीचा आवाज त्यांच्या खिडकीतून मला ऐकू यायला लागला. दर महिन्याला पेटी टेबलावर चढू लागली.

शरदात एकदा मी गेलो तर दोघांचं वाजलं होतं. आर्डिसला बार्लीत राय नावाचं धान्य घालायचं होतं.

"राय चिकट असते," लाइल म्हणत होता. "तोटी तुंबेल."

"तुंबू दे," ती पिशवी फोडत म्हणाली. "तू आहेस ना मोकळी करायला."