खाडीकाठचं आंबूस पिंप

माझी मोठी बहीण माई पेणला दिलेली. नव्वदच्या दशकात तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावजींनी, खाडीकाठी कोळंबीचं तळं केलं. "बघायला तरी ये गो!" माईने हट्टच धरला, म्हणून आम्ही नवरा-बायको ठाण्याहून एसटीने निघालो. पनवेलपुढे रस्ता हाडं खिळखिळी करतो, तेव्हा खिडकीची जागा धरा.

संध्याकाळी तळ्याच्या बांधावर गेलो. तिथे एक पिंप, वर फेस, आंबूस वास. आमचे हे पाणीखात्यातले. जंतू म्हटलं की यांचे हात शिवशिवतात. शेजारीच ब्लीचिंग पावडरची गोणी होती. यांनी घातली की पिंपात ओंजळभर! "चला, वास तरी गेला," मीही म्हटलं.

चारा टाकून भावजी आले आणि मटकन खाली बसले. "अवो पाहुणं, त्यात जंतूच पालले व्हते!"

जंतू पाळतात? हो, पाळतात. गुळाच्या पाण्यात वाढवून तळ्यात सोडतात. ते तळाचा सडका चारा खातात, रोगाच्या जंतूंना डोकं वर काढू देत नाहीत. कोळंबी दोन दिवस चारा खात नव्हती, म्हणून मद्रासहून आणलेलं जंतूंचं शेवटचं पाकीट त्या पिंपात घातलं होतं. ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री माईने यांच्या पानात तळलेले बोंबील वाढले, वर तूप-भाताचा आग्रह. एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी तसलं पाकीट शोधायला आम्ही दोघं रोह्याला गेलो. वडखळ नाक्यावर वडे छान मिळतात म्हणे. आम्ही उतरलोच नाही. कुंडलिकेचा काठ सुंदर आहे, तुम्ही निवांत बघा. रोह्याचा दुकानदार हसला, "खत हाय, औषध हाय. जंतू नाय विकत आपण."

परतलो तर कोळंबी काठाला येऊन मरू लागली होती. भावजींनी उरलेली तशीच, बोटाएवढी असतानाच काढली. निघताना माईने त्यातलीच डबाभर दिली. "बारकी हाय, पन गोड लागंल."

घरी कालवण केलं. हे मात्र आमटी-भातच जेवले.

माई दर वर्षी बोलावते आणि आम्ही दर वर्षी सबब सांगतो. कुठल्या तोंडाने जायचं? परवा फोनवर हळूच म्हणाली, "आता या गो. वास नाय येत. पिंप लांब नेऊन ठेवलंय."