वांग्याची वर्जिश

"बैंगन?" ड्रिलमास्तर ओरडले. "वर्जिश में बैंगन?"

हा आवाज दौलताबादच्या किल्ल्यावर आदळून परत आला आणि दुसऱ्यांदा आमच्या कानांत शिरला, असं मी आजवर सांगत आलोय. त्या दिवशी मैदानावर जे हजर नव्हते, त्यांच्यापैकी एकानंही ते खोटं ठरवलेलं नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली होती आणि औरंगाबादच्या त्या शाळेतला माझा पहिलाच दिवस होता. राज्य निजामाचं, शिकवणं सगळं उर्दूतून, आणि माझी उर्दू म्हणजे पैठणच्या तहसिलीबाहेर वडिलांचं बोट धरून उभा असताना कानावर पडली असेल तेवढी. मास्तरांनी आम्हाला उंचीनं रांगेत लावलं. सगळ्यांत बुटका म्हणून मी पहिला. त्यांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "हां मियाँ, कौनसी वर्जिश करोगे?" आणि मी ताठ उभा राहून सांगितलं, "बैंगन."

आता यात माझं काय चुकलं? चातुर्मास तोंडावर आला होता. घरोघरी एकच बोलणं, यंदा काय वर्ज करायचं. वर्ज म्हणजे सोडणं, तेव्हा वर्जिश म्हणजे तेच, फक्त रूमी टोपी घातलेलं, असा मी हिशेब केला. वर मनात म्हटलंसुद्धा, काय शाळा आहे, पहिल्याच दिवशी पोराच्या नेमाची चौकशी!

नेमाचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, कारण माझी सगळी शाळा त्यावर टांगलेली होती. शहरात गेलेलं पोरगं जिभेचं गुलाम होतं, अशी माझ्या वडिलांची खात्री होती. पैठणजवळ गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठी, आमची शेती. तिथून मला निरोप देताना ते म्हणाले होते, "चार महिनं एक तरी जिन्नस सोड. नेम मोडला असं कानावर आलं, तर शाळा बंद. सरळ बैलांमागं." मी वांगं सोडतो म्हणून सांगितलं. सोडायचंच तर नावडतं सोडावं, एवढी अक्कल मला त्या वयातही होती.

मैदान हसून हसून लोळत होतं, तेव्हा माझ्या शेजारच्या मुलानं कानात सांगितलं, "अरे, वर्जिश म्हणजे कसरत. तू खाने की चीज बोलला." हा हिमरूचं नक्षीदार कापड विणणाऱ्या एका विणकराचा मुलगा. दोन्ही भाषा त्याच्या जिभेवर ताण्याबाण्यासारख्या चालायच्या. मास्तरांनी फैसला सुनावला: उद्या जुम्म्याची सुट्टी आहे, शनिवारी कसरत निवडून ये, नाहीतर बापाला घेऊन ये. पहिल्याच आठवड्यात बापाला बोलावणं गेलं, तर बाप मला शाळेत ठेवणारच नव्हता. मला बैलांचे चेहरे दिसायला लागले.

मी तेव्हा औरंगपुऱ्यात आत्याकडे राहायचो. आत्या वडिलांची थोरली बहीण, बरीच वर्षं शहरात राहून दखनीत भाव पाडणारी. बांगडीवाला तिला बघून गल्ली बदलायचा. त्या चातुर्मासात ती भांडण वर्ज करणार होती, आणि शेजारणी आताच उदास झाल्या होत्या. वर्जिशची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की तिला जात्याचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "तुझ्या बापाला यातलं काय बी सांगू नको. त्याला वाटतंय, त्याला उर्दू येतीय."

शुक्रवारी मी कसरत शोधायला निघालो. तालमीत गेलो, तिथं मुगदरांची जोडी होती. मी जोडी उचलली असं म्हणता येणार नाही, जोडीनंच मला दोनदा फिरवून ठेवलं. वस्तादांनी मला उलटसुलट बघून सांगितलं, आधी अंग घेऊन ये, मग बघू. पळून पाहिलं, तर पैठण दरवाज्यापर्यंत कुत्री माझ्यामागं आली आणि तिथून कीव येऊन परतली. हॉकीचा विचार करण्यात अर्थ नव्हता. काठी आणि मी शेजारी उभे राहिलो असतो, तर मारायचं कशानं हे विचारायची पाळी आली असती.

शनिवारी मी मास्तरांपुढं नुसता उभा राहिलो. माणूस आवाजानं तोफ, पण मनानं लोणी. माझ्या दंडाला त्यांनी चिमटीत धरलं, चिमटीत मावला तो, आणि म्हणाले, "तूच बोला ना बैंगन? तो बैंगनच कर."

शाळेमागं विहीर होती आणि विहिरीपाशी मास्तरांचा लाडका वांग्यांचा वाफा. रोज पहिल्या घंटेआधी पाणी शेंदून तो वाफा भिजवायचा, हीच माझी वर्जिश ठरली. भरलेला पोहरा माझ्यापेक्षा जड. पहिल्या दिवशी तो वर येण्याऐवजी मीच खाली निघालो होतो, विणकराच्या मुलानं सदरा धरला म्हणून आज हे लिहितोय. आठवडाभर तो दोराला माझ्यामागं हात लावत राहिला, मग एके दिवशी त्यानं न सांगता हात काढून घेतला आणि पोहरा तरीही वर आला.

वांगी लागली तशी मास्तर माझी टोपी भरून वांगी द्यायचे, "फूफी को देना." आत्या ती तीळकूट भरून शिजवायची आणि माझ्यासमोर बसून खायची. आणि बघा गंमत, जन्मात न आवडलेलं वांगं मला श्रावणात हाक मारायला लागलं! शेवटी पाणी मीच पाजलेलं होतं त्याला. एकदा बोट रश्शापर्यंत गेलंही, पण बैल आठवले आणि मी बोट परत आणलं.

अशातच वडील न कळवता आले आणि आत्याला बरोबर घेऊन थेट शाळेत मास्तरांसमोर उभे राहिले. मी विहिरीपाशी दोर सोडून धावत आलो. मास्तर काय सांगतील त्यावर माझं सगळं ठरणार होतं.

"लडका ठीक हय?" वडिलांनी तहसिलीतली उर्दू काढली.

"माशाल्ला," मास्तर म्हणाले, "वर्जिश का बड़ा पाबंद है. बैंगन का एक दिन नागा नहीं किया."

खरा अर्थ एवढाच की पोरगा कसरतीला नियमित येतो, वांग्यांच्या पाण्यात एक दिवस खाडा नाही. वडिलांनी मात्र आपल्याला ओळखीचे शब्द वेचले: वर्ज, बंदी, बैंगन. त्यांचा चेहरा असा उजळला की भर ढगाळ दिवसात मैदानावर सावल्या पडल्या. आपल्या पोराचा नेम ड्रिलमास्तरापर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि सांभाळतायत सगळे मिळून! त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. मास्तरांना वाटलं, कवायतीची एवढी कदर करणारा बाप जन्मात पाहिला नाही. दोघांचेही डोळे ओले. आत्या पदर तोंडाशी धरून शाळेची कौलं बघत होती.

मोटारीच्या अड्ड्यापर्यंत वडील शाळेचं कौतुक करत होते. अशा शाळेतून पोराला काढणारा बाप करंटा, असंही म्हणाले. मोटार सुटायच्या बेतात होती. निरोप देताना त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि तो हात तिथंच थबकला. त्यांनी दंड दाबून पाहिला. मग दुसरा दाबून पाहिला.

"आक्का," ते हळूच म्हणाले, "ह्यानं खायचा जिन्नस सोडला, अन् दंड कसं काय भरलं?"

मी मोटारीच्या चाकाकडं बघत राहिलो. आत्यानं पदर सारखा केला.

"वांगं वातूळ असतंय," ती म्हणाली. "सोडलं की अंग धरतंय."