सात स्नॅपशॉट, सातही चुकीचे

मंडळी, आज सकाळपासून डोकं तापलंय.

ब्रिस्टलमध्ये माझं किचन बनवायचं वर्कशॉप आहे. सगळी ड्रॉइंग ऑफिसातल्या स्टोरेज बॉक्सवर, म्हणजे सगळ्यांच्या फाइल एकत्र ठेवायच्या मशीनवर असतात. काल दुपारी वर्कशॉपमधल्या आमच्या डेव्हने जोशीकाकूंच्या किचनच्या ड्रॉइंगवर चुकून दुसरंच सेव्ह केलं. काकू व्हीलचेअरवर असतात. त्यांचा हात पोचेल अशी मापं मी तीनदा जाऊन घेतली होती.

तरी मी निवांत होतो. बॉक्स बसवणारा म्हणाला होता, "स्नॅपशॉट चालू आहेत, जुनी फाइल कधीही परत मिळेल."

आज उघडून बघतो तर दर तासाला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या सगळ्या फाइलींची प्रत, पण ठेवलेले फक्त शेवटचे सात. सातही डेव्हच्या चुकीनंतरचे!

बसवणाऱ्याला फोन लावला. मला होल्डवर टाकलंय असं समजून तो शेजारच्याला म्हणाला, "सेटिंग होतं तसंच ठेवलं. कोण बघतंय?"

"मी बघतोय," म्हटलं.

रोजचा एक स्नॅपशॉट, तीस दिवस ठेवायचा, असं शेवटी मीच सेट केलं. मग मापं परत घ्यायला येऊ का, म्हणून काकूंना फोन केला.

"ये रे, चहा टाकते. पण या वेळी मापं वहीत लिही."

तुमच्याकडेही "चालू आहे" असं कोणी सांगितलं असेल. एखादी फाइल परत आणून बघितलीत का कधी? मी नव्हती बघितली, खरा राग त्याचाच आहे.