राजाच्या अंगठ्यावरची चरबी

आमच्याकडे राजांना तोटा नाही. गाय हाकत दोन टेकड्या ओलांडल्या की दुसऱ्या राजाची हद्द लागते. संतांचं तर विचारूच नका, झऱ्यागणिक एक. त्या सगळ्यांची चरित्रं मठातले लेखक वासराच्या कातड्यावर रंगवून लिहितात. माझ्या चुलत आत्याबद्दल, लासरबद्दल, मात्र कुणी एक ओळ लिहिली नाही. लिहितील कशी? तिनं राजा आणि मठाधिपती दोघांनाही एकाच संध्याकाळी उपाशी बसवलं होतं. म्हणून मीच सांगतो.

लासरच्या बापाला मुलगा नव्हता. त्यामुळे नदीकाठचं कुरण तिच्या हयातीपर्यंत तिचं, असा आमचा कायदा. नवरा वारला, पोरगी परगण्याबाहेर नांदायला गेली. ही एकटी बाई गाई चारायची, लोणी काढायची, आणि लोणी असं की राजवाड्यातून मागणी यायची. अंगानं बुटकी, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाणारा.

एका वसंतात अर्तगाल राजाला पुण्य करायची हुक्की आली. त्यानं लासरचं कुरण मठाला दान देऊन टाकलं. स्वतःचं नाही, हिचं! ती राजाकडे गेली तर तो म्हणाला, "आता ते संतांचं झालं, मठात विचार." मठात गेली तर मठाधिपती फेलानबाबा म्हणाले, "आम्हाला राजानं दिलं, त्याला विचार." असे हेलपाटे घालून तिच्या पायताणाची कातडी झिजली. तिकडे मठाच्या मेंढ्या तिचं गवत खाऊन गुबगुबीत झाल्या.

"ठीक आहे," ती मला म्हणाली, "दोघं एका छपराखाली कधी जेवतात ते बघते."

मठाच्या संताचा सण आला. त्या दिवशी मेजवानी राजाकडे, आणि फेलानबाबा मानाचे पाहुणे. न्याय मिळेपर्यंत मी दाराशी उपाशी बसणार, असा निरोप लासरनं कायद्याप्रमाणे दोघांनाही आधी धाडला होता. दोघंही हसले होते. सूर्य मावळायच्या बेताला ती आली आणि किल्ल्याच्या दारात फतकल मारून बसली. मी तिच्या शेजारी होतो. आत डुक्कर भाजत होतं. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

"राजा!" तिनं हाक दिली. "आणि बाबा, तुम्हीपण ऐका. मी उपाशी बसले. माझा न्याय होईल असा जामीन द्या, नाहीतर माझ्यासंगं उपाशी राहा. न देता खाल्लंत तर कायद्यानं दावा हरलात."

कारभारी धावत बाहेर आला. हातात वाडगं, त्यात मांसाचा मोठा तुकडा. "घे गं मावशी, दोन घास खा. सणाच्या दिवशी कशाला तमाशा?"

"माझा उपास मोडायला आलास होय रे? नेऊन तुझ्या राजाला दे. बघू तो खातो का!"

कारभाऱ्याचा चेहरा पडला. दाराशी बसलेले मजूर फिदीफिदी हसले.

मग फेलानबाबा उठले. संताची घंटा हातात घेऊन म्हणाले, "बाई, संताचा शाप लागेल."

"लागू दे की! संतसुद्धा उपास करूनच देवाकडून मागून घ्यायचे. त्यांचीच रीत चालवतेय मी. वाजवा घंटा, तुमच्याही पोटात काही नाहीये, जरा आवाज घुमेल."

बाबा घंटा घेऊन खाली बसले. सगळी पंगत ताटकळलेली. यजमान जेवल्याशिवाय कुणी हात लावेना. पाहुण्यांच्या नजरा राजावर. तो जामीन देईना, कारण जामीन दिला की खटला होणार, आणि खटला झाला की हरणार, हे त्याला ठाऊक होतं.

इतक्यात आचाऱ्यानं राजाजवळच्या आगीवरचं डुक्कर फिरवलं, चरबी उडाली आणि राजाच्या अंगठ्यावर पडली. चटका बसला. राजानं अंगठा तोंडात घातला. चटका बसल्यावर कुणीही घालतो. पण मग तो चोखलाही, सावकाश, डोळे मिटून.

"खाल्लंस!" लासर ताडकन उभी राहिली.

"भाजलं होतं!" राजा ओरडला.

"भाजलं होतं तर फुंकर मारायची. मिटक्या कशाला मारल्यास?"

सगळ्या माना फोरगलकडे वळल्या. तो आमचा कवी, आणि कायदाही त्यालाच तोंडपाठ, म्हणून निवाडा तोच देतो. त्यानं कुणा राजावर ओळी रचल्या तर त्या राजाच्या गालावर फोड उठतात, असं सगळे मानतात. अर्तगालनं नकळत गाल चाचपले.

"चरबी हे अन्न आहे," फोरगल शांतपणे म्हणाला. "जामीन न देता अन्न घेतलं. राजा, तू हरलास. आणि बाबा, ज्यानं दान दिलं त्याचंच नव्हतं, तर तुमच्याकडे आलं काय? कुरण बाईचं. शिवाय तेवढंच आणखी एक, दंड म्हणून."

"दुसरं मला नको," लासर म्हणाली. "हा देईल ते परत कुठल्यातरी विधवेचंच देईल."

"मग हवंय तरी काय तुला?" राजा भुकेनं कळवळला होता.

"सीमेचा दगड. नदीतनं उचलून तू स्वतः आणून रोवायचास, सगळ्यांदेखत."

"बरं, बरं, उद्या सकाळी! आता जेवू दे!"

"जेव रे राजा, पोटभर जेव. उचलायला ताकद लागेल."

त्यांच्यात ती जेवली नाही. घरी येऊन जवाची भाकरी आणि ताक घेतलं, आणि मलाही दिलं.

सकाळी अख्खी आळीच नदीकाठी लोटली. राजाचा झगा चिखलानं माखला, चेहरा लालबुंद. दगड रोवून झाल्यावर आत्यानं तो लाथ मारून तपासला. हलला नाही. आजही हलत नाही. मठाच्या मेंढ्या तिथवर येतात आणि मेंढपाळ मुकाट्यानं त्यांना वळवून नेतो.